हलगीचा खर्चा

हलगी वाजायला लागली तेव्हा मी मशीनवर शाळेची चड्डी शिवत होतो. एक पाय झाला होता, दुसरा व्हायचा होता. वाद्य दारात आलंय म्हटल्यावर मी उठलोच. आमच्यात तसंच आहे. वडील मेंढरं घेऊन वडीगोद्रीच्या माळानं फिरायचे. कुठं ढोल वाजला की मेंढरं कुत्र्याच्या भरवशावर सोडून निघायचे. वाजवणाऱ्याला भंडारा लावल्याशिवाय, त्याच्या हातावर काही ठेवल्याशिवाय मागं फिरायचं नाही, ही घरची शिस्त. शिंपीकाम शिकून मी तालुक्याच्या गावात दुकान टाकलं, पण शिस्त सोबत आली.

देवाच्या फोटोपुढची भंडाऱ्याची डबी घेतली. गल्ल्यातून पन्नासची नोट घेतली. बाहेर येऊन हलगीला भंडारा लावला, वाजवणाऱ्या तात्याच्या कपाळाला लावला, नोट त्याच्या मुठीत कोंबली.

तात्याचा हात थांबला. "दादा," तो हळूच म्हणाला, "ही तुमच्यासाठीच हाय."

"मंग वाजवा की जोरात!"

गर्दी हसली. मीही हसलो. मला आजही सलतं ते हेच. लोक हसले ते ठीक, पण मीही हसलो.

मग दारात उभ्या टेम्पोच्या मागून वसुलीचे साहेब पुढं आले. नगरपरिषदेची फाईल उघडून त्यांनी माझं नाव बापाच्या नावासकट मोठ्यानं वाचलं. धंद्याचा कर, दोन वर्षं थकीत. माझ्या हातातल्या डबीकडं बघून म्हणाले, "अरे मेंढक्या, देव नाही आला, जप्ती आली. मेंढरं राखायची सोडून दुकान टाकलं की असं होतं."

तात्याला म्हणाले, "थांबलास का? वाजव."

तात्या वाजवत राहिला. दोघांनी मशीन उचललं. सुईखाली चड्डी तशीच लोंबत होती, एक पाय शिवलेला, एक मोकळा. तीही जप्त झाली. मी दारात उभा. बोटं पिवळी, तोंड काळं. शाळा उघडायला बारा दिवस होते.

घरी आलो तोवर बातमी माझ्या आधी पोचली होती.

"तुम्ही पैशे दिले म्हणं त्याला?" बायकोनं विचारलं.

"दिले."

"नाचले का मंग?"

"न्हाई."

"तेवढंच ऱ्हायलं." ती आत गेली आणि भिशीचे पैसे आणून माझ्यापुढं ठेवले. "मशीन आणा. जल्दी."

आता खरं सांगतो. कर मी थकवला होता. नोटिसा येत होत्या. पण त्यांचा कागद असा जाड, मागची बाजू अशी कोरी की मी त्यावर मापं लिहायचो. कंबर चोवीस, उंची चौदा. नगरपरिषदेनं मला वह्या पुरवल्या असंच म्हणा. अशा माणसाची जप्ती होऊ नये तर कोणाची व्हावी?

दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन नगरपरिषदेत गेलो. बाबूनं चिठ्ठी दिली. वर कर. त्याच्या खाली जप्तीचा खर्च, एकाखाली एक. वॉरंट फी. टेम्पो. हमाली. आणि शेवटी, वाजंत्री.

ती ओळ मी दोनदा वाचली. नऊ गणवेश शिवले तर जेवढी शिलाई सुटते, तेवढी एकट्या हलगीची.

आत साहेबांकडं गेलो. समोर मेन रोडचे कापडवाले शेठ चहा पीत बसलेले. बाहेर थकबाकीची यादी चिकटवलेली होती. त्यात शेठचं नाव माझ्या बरंच वर होतं.

"साहेब, इज्जत माझीच काढली, अन् काढायचा खर्चा बी माझ्याकडूनच?"

"नियम आहे."

"शेठच्या दारात कवा वाजणार? सांगा, भंडारा घेऊन येतो."

शेठनं कप खाली ठेवला. "अरे बाबा, आमच्या घरी बायामाणसं असतात. बरं दिसतं का ते?"

आमच्या घरी काय असतं, हे मला जिन्यावर सुचलं. घरी जाताना. माझी सगळी चांगली उत्तरं मला जिन्यावरच सुचतात.

साहेब चिडले नाहीत. उलट गोड झाले. "हे बघ, भांडण कशाला? एक अर्ज लिही. मी गरीब, अडाणी माणूस आहे, चूक झाली, दया करून जप्तीचा खर्च माफ करावा. खाली सही कर. कर भर. मशीन आत्ता घेऊन जा."

वाईट वाटून घेऊ नका, मी पेन घेतला. मला मशीन पाहिजे होतं. कागदासाठी खिशात हात घातला तर जप्तीचीच नोटीस निघाली. सवयीनं मागची बाजू वर केली आणि मापांच्या खाली लिहायला लागलो. मी गरीब. मी अडाणी. 'अडाणी' लिहून झालं आणि हात थांबला. कोणत्या कागदावर लिहून राह्यलो मी?

कागद उलटा केला. आलेल्या नोटिशीची पुढची बाजू मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो. पंधरा दिवसांच्या आत भरणा करावा, अन्यथा जप्ती. खाली साहेबांची सही. सहीखाली तारीख. मी बोटांवर मोजलं, मग परत मोजलं. हलगी नवव्या दिवशी आल्ती.

"साहेब, माझे सहा दिवस बाकी व्हते."

"म्हणजे?"

"तुमचीच सही हाय. बघा."

त्यांनी कागदासाठी हात पुढं केला. मी तो दिला नाही. जन्मभर कागद लोकांच्या हातात देत आलो होतो, त्या दिवशी नाही दिला. 'गरीब' खोडलं नाही, ते खरं आहे. 'अडाणी' खोडलं. बाहेर जाऊन कर भरला, पावती घेतली. खर्च भरला नाही.

"मग मशीन पडून राहील," साहेब म्हणाले.

"राहू द्या."

बाहेर चहाच्या टपरीवर तात्या भेटला. त्यानं पन्नासची नोट पुढं केली. "घ्या दादा. भंडाऱ्यासंगं दिल्ती. खर्चायला मन होईना."

"तात्या, तुमाला वाजवायचे किती दिले?"

"चहा पाजला."

"अन् पैशे?"

"पुढच्या बारीला बघू म्हणले." मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "माझं नाव नका घालू कुठं. मला रोज त्याच नगरपरिषदेत झाडू मारायचाय."

नाही घातलं. नोटही परत घेतली नाही.

आक्षेपाचा अर्ज मी कोऱ्या, विकतच्या कागदावर लिहिला. मुदतीच्या आत जप्ती का केली, लेखी कळवा. वाजंत्री कोणत्या नियमानं लावली, नियम दाखवा. वाजवणाऱ्याला पैसे दिल्याची पावती दाखवा. माझं मशीन खर्चाशिवाय परत करा. 'दया' नाही, 'विनंती'सुद्धा नाही. आवकचा शिक्का मारून घेतला. उत्तर आलं नाही म्हणून दुसरा दिला. मग तिसरा.

शाळा उघडली. गणवेश मी भावजयीकडच्या एका जुन्या पायमशीनवर शिवले, बायकोनं हातानं काजं केली. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. तो एकपायी चड्डीवाला अजून रस्त्यात हटकतो. माझं मशीन त्यांच्या गोदामात आहे, खिडकीतून दिसतं. सुईला गंज चढलाय. चढू दे. तो खर्च मी बिलकुल भरणार नाही.

आणि गावात पुन्हा कुणाच्या दारात हलगी वाजली, तर मी पळत जाणार आहे. भंडारा नेणार नाही. दारात उभा राहून त्या माणसाला म्हणेन, नोटीस आण. मग तिची पुढची बाजू, तारखेसकट, हलगीच्या वर आवाज काढून वाचेन.