सगुणाबाईचं सरपण

सगुणाबाईच्या घरात गॅस आहे. तिच्या मुलानं, नागसेननं, तो आणून दिला त्याला आता बरीच वर्षं झाली. पाहुणा आला की ती त्यावर चहा ठेवते आणि पाहुणा गेला की शेगडी फडक्यानं पुसून झाकून ठेवते. भाकरी, कालवण आणि अंघोळीचं पाणी मात्र चुलीवरच.

नागसेन परभणीला एका कॉलेजात क्लार्क आहे. दर रविवारी तो मोटारसायकलवर झरी गावावरून आत वस्तीवर येतो. धुरावरून त्याचं आणि आईचं खूप वाजलं. मग सगुणाबाईनं चूल घराबाहेर काढली आणि अंगणाच्या कडेला तीन बाजूंनी मोकळ्या पत्र्याखाली मांडली. धूर वाऱ्यावर गेला आणि भांडणाचं कारणही गेलं. तरी नागसेन अधूनमधून म्हणायचाच, "माय, आता कामून लाकडं फोडायलीस? तुझं वय काय?"

"वयाला काय हुतंय? कुऱ्हाड वय इचारत न्हाई," ती म्हणायची.

तिचं आणि लाकडांचं नातं जुनं होतं. ती लहान असताना तिची माय, राहीबाई, गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी लाकडं फोडायला जायची. दुपारभर फोडायची, सगळं रचून द्यायची. बदल्यात शिळी भाकरी मिळे आणि जमिनीवर उडालेल्या ढलप्या न्यायची मुभा. छोटी सगुणा त्या ढलप्या वेचून ओच्यात भरायची. घरी आल्यावर त्या भुरकन पेट घ्यायच्या आणि भाकरी फुगायच्या आतच विझायच्या. मग राहीबाई कापसाच्या पऱ्हाट्या सारायची, त्या सरल्या की तुरीच्या तुराट्या. चांगलं जाड लाकूड आपल्या चुलीत कधी जळताना सगुणानं पाहिलंच नव्हतं. ते फोडताना पाहिलं होतं फक्त.

लग्न गावातल्या गावातच झालं आणि मग सरपणासाठी गायरान आलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी. वाटेत कुणाच्या शेताच्या धुऱ्याजवळ, बांधाजवळ थांबलं, तर लगेच हाक यायची, "ए, काय उचलायलीस?" एकदा एकानं मोळी सोडून दाखवायला लावली आणि त्यात त्याच्या बाभळीची फांदी नाही हे पाहूनही पायानं लाकडं उधळून दिली. सगुणाबाईनं ती परत गोळा केली, बांधली आणि घरी नेली. त्या दिवशीही स्वयंपाक वेळेवरच झाला.

तिचा नवरा सिद्धोधन कॅनॉलच्या कामावर रोजंदारीला होता, पुढं कायम झाला. साठवून साठवून त्यानं दोन एकर रान घेतलं. ते रान लागून होतं व्यंकटरावांच्या रानाला. राहीबाई ज्यांच्या घरी लाकडं फोडायची, त्यांचेच हे व्यंकटराव चिरंजीव. दोन्ही रानांच्या मधल्या धुऱ्यावर एक बाभूळ आपसूक उगवली होती. ती कुणी लावली नाही, कुणी तोडली नाही. सिद्धोधन तिच्या सावलीला जेवायचा. तो गेला, बाभूळ वाढत राहिली. सगुणाबाई दर उन्हाळ्यात तिच्या वाळलेल्या फांद्या उतरवायची, पण फक्त आपल्या बाजूच्या. पलीकडच्या फांद्यांना तिनं कधी हात लावला नाही.

यंदाच्या वैशाखात एका दुपारी वावधान सुटलं. गावात पत्रे उडाले. सकाळी सगुणाबाई रानात गेली तर बाभूळ मुळासकट उपटून धुऱ्यावरच आडवी पडलेली. निम्म्या फांद्या हिच्या रानात, निम्म्या व्यंकटरावांच्या. व्यंकटराव तिथं आधीच येऊन उभे होते. सत्तरीकडे झुकलेला माणूस, धोतर नेसणारा, मुलगा पुण्याला, घरात दोघं नवरा-बायको.

"सगुणाबाई, झाड धुऱ्यावरचं हाय," ते म्हणाले. "निम्मं माझं."

"मी कुठं न्हाई म्हनलं? निम्मं तुमचं, निम्मं माझं. फांद्या ज्याच्या रानात त्याच्या. आन् खोडाला मधी खूण करा."

व्यंकटराव भांडणाची तयारी करून आले होते. भांडणच झालं नाही. त्यांनी चुन्याचा बोटभर पट्टा खोडावर ओढला.

"बुडखा मी घेतो," ते म्हणाले. बुडखा जाड होता.

"घ्या."

पुढच्या रविवारी नागसेन आला. तो म्हणाला, "मशीनवाल्याला बोलावतो. तासाभरात सगळं कापून देईल."

"मग मी काय करू?"

"तू बस."

"बसून काय करू?"

नागसेनची बायको धम्मशीला सोबत आली होती, ती हसू दाबत म्हणाली, "करू द्या की आत्यांना. त्यांना आवडतंय."

तसं होतंच. आवडतंय असं सगुणाबाई स्वतः कधी म्हणाली नसती. पण सकाळी उन्हं चढायच्या आत ती रानात जायची तेव्हा तिचं पाऊल वेगळंच पडायचं. आधी तिनं काटेरी शेंडे छाटले आणि कुंपणाला लावले. मग बोटाएवढ्या काटक्या, त्या वेगळ्या. मग मनगटाएवढ्या फांद्या, त्या हातभर लांबीच्या. शेवटी मांडीएवढे ओंडके. बाभूळ ओली असेपर्यंत फोडून घ्यावी लागते. वाळली की लोखंड होते. ती कुऱ्हाड उचलायची, नुसत्या खांद्याच्या जोरानं नाही तर सगळ्या पाठीनं, आणि घाव बसला की लाकूड मधोमध उघडायचं. आतला लालसर गाभा दिसायचा, वास यायचा. दोन फाकी दोन बाजूंना पडल्या की ती क्षणभर त्यांच्याकडं बघायची आणि मग पुढचा तुकडा उभा करायची. कुणी हाक मारत नव्हतं, कुणी मोळी सोडायला लावत नव्हतं. रान तिचं, फांदी तिची, घाव तिचा. दुपारी ती फोडलेल्या ढिगाशेजारीच भाकरी खायला बसायची.

पलीकडं व्यंकटरावांचा वाटा तसाच पडून होता. मजूर मिळत नव्हते. मशीनवाला एवढ्याशा कामाला येत नाही म्हणाला. व्यंकटरावांच्या घरीही गॅस होता, पण अंघोळीचं पाणी त्यांना तांब्याच्या बंबातलंच लागे. ते यायचे, आपल्या फांद्यांभोवती एक फेरी मारायचे, सगुणाबाईच्या ढिगाकडं बघायचे आणि जायचे.

एके दिवशी ते म्हणाले, "सगुणाबाई, माझ्या बी फोडता का? काय असंल ते देतो."

"न्हाई."

"कामून?"

"मी माझ्यापुरतं फोडायले."

तिनं कुऱ्हाड उचलली.

त्यानंतर दोन-चार दिवसांतच तिच्या टाचेत काटा मोडला. बाभळीचा काटा चपलेचं रबर फोडून आत गेला आणि टोक आतच राहिलं. तिनं सुईनं काढायचा प्रयत्न केला, वर बिब्बा लावला. सकाळी पाय घोट्यापर्यंत सुजला होता. नागसेन आला, तिला मोटारसायकलवर बसवून परभणीला घेऊन गेला. डॉक्टरनं टाच चिरून काटा काढला, टाका घातला आणि पाय जमिनीवर टेकवायचा नाही म्हणून सांगितलं.

नागसेनचं घर दुसऱ्या मजल्यावर. तिथं सगळं होतं. नळ सोडला की गरम पाणी, बटण दाबलं की पंखा. धम्मशीला कामावर जाण्याआधी सगळं तिच्या हाताशी ठेवून जायची. सगुणाबाई खिडकीजवळ बसायची आणि आभाळ बघायची. आभाळ भरून येत होतं, आणि तिची लाकडं रानात उघड्यावर पडली होती.

"आत्या, काय बघायलात?" धम्मशीलानं विचारलं.

"काय न्हाई. लाकडं भिजतील."

"भिजली तर वाळतील की."

"वाळतील. पर बुरशी धरली तर नुसता धूर करतील."

एका संध्याकाळी वस्तीवरून कासाबाईचा फोन आला. ही शेजारीण शेळ्या राखायची, रोज त्याच रानाकडून जायची. ती म्हणाली, "सगुणा, तुजी लाकडं गेली बग. व्यंकटरावानं दोन दिस बैलगाडीत घालून त्याच्या शेतातल्या आखाड्यावर नेली. मी सोता पायलं."

सगुणाबाईनं फोन खाली ठेवला. तिला राग आला, पण तो नवा नव्हता, ओळखीचा होता. पायानं उधळलेली ती मोळी तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. तिनं नागसेनला सांगितलं, "उद्या मला गावाकडं सोड."

"माय, टाका हाय पायात."

"हाय तर हाय."

नागसेन चिडला, पण सकाळी तिला घेऊन निघाला. घरी न थांबता तिनं गाडी थेट रानाकडं घ्यायला लावली. तिच्या बाजूचं रान मोकळं होतं. खोड तेवढं धुऱ्यावर होतं. पलीकडं व्यंकटरावांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या त्यांच्या पत्र्याच्या कोठ्याजवळ, कुऱ्हाडीचा आवाज येत होता. ती काठी टेकत तिकडं गेली. नागसेन मागं.

व्यंकटराव धोतर खोचून एका ओंडक्याशी झुंजत होते. बनियन घामानं भिजलेली, तळव्याला फडकं गुंडाळलेलं. त्यांच्यापुढं फोडलेल्या लाकडांचा ढीग जेमतेम टोपलीभर होता. कोठ्यात, पत्र्याखाली एका बाजूला, सगुणाबाईची लाकडं रचून ठेवलेली होती. काटक्या वेगळ्या, फाकी वेगळ्या. वरून ताडपत्री.

व्यंकटरावांनी तिला पाहिलं आणि कुऱ्हाड टेकवली.

"आलात का? पाऊस यायलाय म्हणून आत आणली," ते म्हणाले. "तुमचीच हायत. त्यात माझं एक बी लाकूड न्हाई. मोजून घ्या."

"मोजायची कशाला."

ती ताडपत्री उचलून आत बघू लागली. मग म्हणाली, "साल खाली घातलीत. साल वर पायजे. पानी निथळतंय."

"पत्र्याखाली कुठून पानी यायलंय?"

"तरी."

नागसेनला हसू आलं. त्यानं तोंड फिरवलं.

सगुणाबाई एका दगडावर बसली. तिनं व्यंकटरावांच्या हाताकडं पाहिलं. फडक्यातून पाण्याचा फोड दिसत होता. तिनं विचारलं, "खोडाचं काय करायलात?"

"काय करू? कुऱ्हाडीनं तोडलं तर निम्मं लाकूड ढलप्यात जाईल. घरी जुनी दोन हाताची करवत हाय. पर ती दोघं ओढायची."

"घेऊन या."

"तुमचा पाय?"

"पायानं ओढायची हाय का?"

करवत दुसऱ्या दिवशी आली. व्यंकटरावांनी ती तेल लावून, दातांना धार काढून आणली होती. चुन्याच्या पट्ट्यावर ती ठेवली. सगुणाबाई आपल्या रानात बुडाखाली पोतं घालून बसली, दुखरा पाय लांब करून. व्यंकटराव आपल्या रानात. नागसेन सुट्टी काढून थांबला होता. तो म्हणाला, "मी ओढतो." पण दोघांनीही त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

सुरुवातीला करवत अडकायला लागली. व्यंकटराव ओढायचे आणि मग जोरानं लोटायचे.

"लोटू नका," सगुणाबाई म्हणाली. "नुसतं ओढायचं. लोटलं की पातं वाकतंय. माझं मी ओढते, तुमचं तुमी ओढा."

मग लय जमली. भुसा दोन्ही बाजूंना पडायला लागला. निम्मं खोड कापून झाल्यावर दोघं दम खायला थांबले. व्यंकटराव पाणी प्याले आणि त्यांनी तांब्या पुढं केला. सगुणाबाईनं तो घेतला आणि तोंड लावून पाणी प्याली. व्यंकटराव धुऱ्याकडं बघत म्हणाले, "राहीबाई आमच्या अंगणात फोडायची, तव्हा मी ओट्यावर बसून बगायचो. एवढं जड असतंय हे ठावं नव्हतं."

"मी बी तिथंच ऱ्हायचे," सगुणाबाई म्हणाली. "ढलप्या येचायला."

व्यंकटराव तिच्याकडं बघत राहिले. त्यांना ती पोरगी आठवत असावी किंवा नसावी. थोड्या वेळानं त्यांनी करवतीची मूठ धरली, तिनं आपली धरली.

खोड तुटलं तेव्हा ऊन उतरलं होतं. करवतीचा शेवटचा फेर झाला आणि दोन्ही तुकडे थोडे घरंगळून ज्याच्या त्याच्या बाजूला टेकले. नागसेननं टाळी वाजवली. सगुणाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं हात खिशात घातले.

मृगाच्या आधी सगुणाबाईनं आपला वाटा फोडून संपवला. कोठ्यातली लाकडंही तोवर बैलगाडीतून तिच्या रानात परत आली होती. टाका काढल्यावर आठवडाभर ती नुसती पाचर ठोकायची; मग कुऱ्हाड घेतली. नागसेन म्हणाला टेम्पो सांगतो, एका फेरीत सगळं घरी जाईल. तिनं जाड फाकी तेवढ्या टेम्पोत घालू दिल्या. बाकीची लाकडं तिनं रोज रानातून येताना एकेक मोळी करून डोक्यावरून आणली. गरज नव्हती. पण मोळी डोक्यावर घेऊन वस्तीच्या मधल्या रस्त्यानं यायचं होतं तिला, आणि कुणी विचारलं, कुठून आणली, तर सांगायचं होतं, माझ्या रानातून. कासाबाईनं विचारलं. गावातल्या दिनकररावांच्या बायकोनं विचारलं. तिनं दोघींना सांगितलं.

अंगणात पत्र्याखाली तिनं लाकडं रचली. तळाला दगड, त्यावर जाड फाकी, साल वर. मग बारीक, सगळ्यात वर काटक्या. रास कंबरेच्या वर गेली तेव्हा ती थांबली आणि समोर येऊन बसली. काही काम नव्हतं हातात. तरी बराच वेळ बसली. त्या दिवशी भाकरी थापताना तिनं पऱ्हाट्या लावल्याच नाहीत. नुसती बाभूळ घातली. जाळ एकसारखा राहिला, तव्यावरची भाकरी उलथून निखाऱ्याला लावली की टम्म फुगायची. तिनं दोन जास्तीच्या भाकरी केल्या आणि कासाबाईकडं पाठवल्या.

व्यंकटरावांचा बुडखा मात्र मृगापर्यंत फोडून झाला नाही. पावसात भिजला, उन्हात वाळला आणि लोखंडासारखा झाला. तरी ते सोडत नव्हते. रोज सकाळी तासभर घाव घालायचे. गावात लोक गमतीनं विचारायचे, व्यंकटराव, बुडखा किती ऱ्हायला? दिवाळीच्या सुमारास संपला. त्यांच्या बायकोनं सगुणाबाईला रस्त्यात गाठून सांगितलं की आता बंबाच्या पाण्याला दुसऱ्या कुणी आणलेलं लाकूड त्यांना चालत नाही, आणि अंघोळ करून आले की आधी त्या लाकडांची गोष्ट सांगतात, मग चहा पितात.

एकदा सगुणाबाई त्यांच्या घरावरून जात होती. व्यंकटराव अंगणातच होते. त्यांनी हाक मारून आपली रास दाखवली. रास चांगली उंच होती. सगुणाबाईनं तिच्याभोवती एक फेरी मारली.

"साल खालीच हाय," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या," व्यंकटराव म्हणाले. "माझी हायत."

यावर सगुणाबाईला काही म्हणता आलं नाही. तिनं मान हलवली आणि रानाकडं निघाली.