जनाज्यातला गप्प माणूस

"शंभर माणसं बोलली, भाऊजी. शंभर! तुमच्याच तोंडाला कुलूप लागलं होतं?"

"वहिनी, हळू. अंगणात लोक बसलेत."

"बसू देत! इमामांनी जनाज्यापुढे विचारलं, हा माणूस कसा होता? तो गफूर, ज्याचं माझ्या नवऱ्याशी पाटाच्या पाण्यावरून पंधरा वर्षं वाकडं, तोसुद्धा ओरडला, 'भला होता!' आणि तुम्ही त्याचे जिवाभावाचे, तुम्ही बुटांकडे बघत उभे! आम्ही बायका तिथं नव्हतो, म्हणून कळणार नाही वाटलं?"

अनोरगुलच्या नवऱ्याचा, खुदायोरचा, आज सातवा दिवस. बाहेर कढईत पुलाव चढला होता. आत आम्ही गाजरं चिरत होतो, पण सगळ्यांच्या सुऱ्या केव्हाच थांबल्या होत्या.

हे भाऊजी म्हणजे एशकोबिल, खुदायोरचा दोस्त, आमच्या मोहल्ल्यात तंदूर घडवणारा. मातीत मेंढीची लोकर घालून तो ती तीन-तीन दिवस पायांनी तुडवतो. त्याच्या तंदुराला वीस वर्षं तडा जात नाही. तो आणि खुदायोर एकाच वर्षी लाल फौजेत गेले, बरोबरच परतले. काय केलंत रे तिकडे, विचारलं की दोघांचं एकच उत्तर, "कालवे खणले." त्यावरून लोक चिडवायचे, "इंजिनियर आले, पाणी सोडा!" दोघं हसून घ्यायचे.

"वहिनी," एशकोबिल म्हणाला, "आम्ही एक हातभर कालवा खणला नाही."

"मग काय केलंत?"

"नदीपलीकडे गेलो. अफगाणिस्तानात. त्यांच्याच शिपायांचे कपडे चढवून. आमच्या घरात ताजिक बोलतात, त्यांची भाषा जवळची, म्हणून साहेबांनी मला उचललं. तिथल्या एका बड्या माणसाच्या घराची राखण करायची म्हणाले. बारा दिवस केली. तिथला स्वयंपाकी, गुल आगा त्याचं नाव, रोज सकाळी आम्हाला गरम नान आणून द्यायचा. तेराव्या दिवशी हुकूम आला, त्याच घरात घुसा. गुल आगा आणि आणखी चौघं कोठारात लपले, आतून कडी घालून. साहेब मला म्हणाले, हाक मार. मी मारली. 'उस्ताद, मी आहे, उघडा, आपलीच माणसं आहेत.' त्यानं आवाज ओळखला. कडी काढली. पाचांतला एकही जिवंत बाहेर आला नाही."



"हुकूम होता ना पण," अनोरगुलचा आवाज उतरला होता.

"दार माझ्या हाकेला उघडलं, वहिनी. मग आम्हाला पदकं दिली, ती लपवून ठेवायला सांगितली, आणि कागदावर सह्या घेतल्या, मरेपर्यंत बोलायचं नाही. सरकार म्हणालं, शेजाऱ्याला मदत केलीत. दहा वर्षांनी तेच सरकार म्हणालं, चूक झाली. पुढे ते सरकारच उरलं नाही. माझी सही तेवढी उरली."

"आणि हे? ह्यांना माहीत होतं?"

"खुदायोर माझ्या शेजारी उभा होता. गेल्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाला, 'इमाम विचारतील तेव्हा तू गप्प राहा. बाकीच्यांना ठाऊक नाही, ते बोलतील. तुला ठाऊक आहे. खोटी साक्ष देऊ नकोस.'"

अनोरगुल पिठाच्या पोत्यावर बसली. "एक्केचाळीस वर्षं एका दस्तरखानावर जेवलो. मला एक शब्द नाही!"

"आज मी अंगणात सांगणार आहे. पुलाव वाढायच्या आधी. माझा जनाजा निघेल तेव्हा लोकांनी माहीत असून काय म्हणायचं ते म्हणावं."

"डोकं ठिकाणावर आहे ना? सातव्याच्या दिवशी? माझ्या नातीची बोलणी चाललीत, भाऊजी! मुलाकडचे बाहेर बसलेत!"

"मी फक्त माझं सांगेन."

"तुमचं आणि ह्यांचं वेगळं कुठं कापणार? ते काय गाजर आहे?"

"कापेन. ठरवलंय मी."

"आणि कोणी विचारलं, बरोबर कोण होतं? गोळी कोणी झाडली? ह्यांचं नाव घेणार तुम्ही? बोला ना! घेणार?"

एशकोबिलनं टोपी दोन्ही हातांनी नीट बसवली, दार ढकललं आणि माणसं हात धूत होती तिकडे निघून गेला.