सामायिक जमिनीवरचे फणस

परदेशी मदत म्हटलं की लोकांना एसी गाड्या आणि मोठमोठी हॉटेलं आठवतात. आमच्या वाट्याला आल्या दादरच्या एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या, कायम रुसलेला प्रिंटर आणि दर तीन वर्षांनी येणारी धाकधूक. त्या ऑफिसात मी भाषांतर करते, पाहुण्यांची सोय बघते आणि उरलेल्या वेळात सगळ्यांवर ओरडते. ओरडल्याशिवाय तिथे पंखासुद्धा कुणी चालू करत नाही.

काम मात्र झकास. उत्तर युरोपातल्या एका देशाच्या सरकारी मदतीतून कोकणातल्या एका गावात, डोंगरउतारावर, शेती आणि झाडं एकत्र वाढवून बघायची. फणस, कोकम, फणसावर चढवलेला मिरीचा वेल आणि मधल्या पट्ट्यांत नाचणी. माती किती धुपते, सावलीत नाचणी तग धरते का, सगळं मोजून ठेवायचं. सुरुवातीला तिकडच्या एका साहेबांना मी सरळच विचारलं होतं, ‘‘तुमच्याकडे फणस उगवत नाही, खात नाही, मग तुम्हाला हा उपद्व्याप कशाला?’’ ते हसले. म्हणाले, हवा सगळ्यांची एकच आहे, आणि इथे जे कळेल ते आफ्रिकेतल्या डोंगरावरही उपयोगी पडेल. मला पटलं. एकच अडचण होती. त्यांची मदत तीन-तीन वर्षांच्या हप्त्यांनी येते आणि बीपासून वाढवलेला फणस सात-आठ वर्षं फळाचं नावही काढत नाही.

दोन हप्ते संपले होते. झाडं छान वाढली होती, फळ अजून नव्हतं. तिसरा हप्ता मिळाला नाही तर मोजमाप ऐन वेळी थांबणार, आणि आमच्या ऑफिसातल्या शास्त्रज्ञ मैत्रिणीची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. ती मूळची साताऱ्याची, बोलायला कमी, रडायला त्याहून कमी. त्या दिवसांत एकदाच म्हणाली, ‘‘पोरीला दहावीपर्यंत शिकवायचं आणि परीक्षेला बसू द्यायचं नाही, असं झालंय बघ.’’ मला इतकं वाईट वाटलं की मी त्या दिवशी कुणावर ओरडलेच नाही.

तिसऱ्या हप्त्याला तिकडच्या सरकारने एकच अट घातली. जमीन सामायिक आहे, तर प्रयोग पूर्ण होईपर्यंत झाडं तोडणार नाही आणि जागा विकणार नाही, असं सगळ्या मालकांनी मिळून कबूल करावं. त्यांची अधिकारी बाई स्वतः येऊन ते ऐकणार होती. अट रास्तच होती. पण सातबाऱ्यावरच्या नावांपैकी निम्मी माणसं मुंबईत! गावातल्यांनी मान डोलावली, तेवढ्याने काय होतं? त्या गावच्या जमिनीचे निर्णय होतात लालबागला, गाववाल्यांच्या खोलीत. गिरणीच्या काळात गावाने मिळून घेतलेली ती खोली. आता तिथे नोकरी करणारी चार-सहा मुलं राहतात आणि महिन्याच्या एका रविवारी सगळी भावकी जमून गावचा कारभार चालवते. माझं सासर मालवणी, म्हणून हे मला ठाऊक. परदेशी पाहुणीला घेऊन आम्ही तिथेच गेलो.

खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती. एकुलती एक खुर्ची पाहुणीला दिली, पंख्याखाली. आम्ही ठरवलं होतं, आधी झाडं दाखवू, मग लोक आपोआप विरघळतील. भिंतीवर चादर लावली, प्रोजेक्टर लावला आणि ड्रोनने वरून टिपलेला गावचा डोंगर दिसायला लागला. हिरवागार! सगळ्यांच्या माना एकदम वर. मी मैत्रिणीला कोपराने ढोसलं, म्हटलं जिंकलो.

कसलं काय! पुढच्या रांगेत बसलेले एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, चाळीतल्या खोलीत लेक, सून, नातवंडं घेऊन राहणारे, चष्मा पुसत उठले. ‘‘एवढा हिरवा? म्हणजे पाणी लागला! मग भाव किती वाढलो असतलो?’’ नातवंडांसाठी मोठं घर घ्यायला त्यांनी आपला वाटा विकायचं आधीच ठरवलं होतं. बंगले बांधणाऱ्यांचा एक एजंट त्यांच्या मागे होता, आणि एक वाटा विकला की बाकीचेही विकणार हे उघड होतं. आम्ही जागा वाचवायला गेलो आणि सिनेमा दाखवून तिची किंमत वाढवून आलो. शहाणपण आमचं!

मग जो गलका झाला तो काय सांगू. ‘‘आमका कोणी इचारल्यान?’’ ‘‘फणस माझ्या पट्ट्यात जास्ती!’’ ‘‘तुझो पट्टो खंयचो, बापाशीन कधी बांध घातलेलो?’’ अजून न धरलेल्या फणसांची वाटणी सुरू झाली. पाहुणीने मला हळूच विचारलं, काय म्हणतायत? मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, ‘‘सामूहिक मालकीवर विचारमंथन चाललंय.’’ ती म्हणाली, तिच्या आजोबांच्या शेतावरून घरात असंच विचारमंथन झालं होतं आणि दोन मामा अजून एकमेकांशी बोलत नाहीत. मैत्रीण मागे सरकत दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ पोचली होती. मालवणी माणसं साधं बोलली तरी तिला भांडण वाटतं, आणि हे तर खरंच भांडण होतं.

शेवटी सगळ्यात वयस्क आजोबा उठले. गावच्या देवाला गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने साकडं, घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. ‘‘पुरे झाला. आधी गाऱ्हाणा घालूया, मग काय तो तंटो करा.’’ कोपऱ्यातल्या देवाच्या फोटोपुढे त्यांनी नारळ ठेवला. भांडणारे सगळे उठून उभे राहिले आणि भांडताना वर गेलेले हात तसेच जोडले.

‘‘बा देवा म्हाराजा! आज ही जी लेकरां हयसर जमली हत, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ खोली दणाणली. पाहुणी दचकून खुर्चीवरून उठलीच.

‘‘साता समुद्रापलीकडसून ही बाय इली हा, तिच्या देशाचा बरा कर रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ आता पाहुणीही हात जोडून ओठ हलवायला लागली.

‘‘आमच्या डोंगरार जी झाडां लावली हत, ती फळ धरीपर्यंत तेंका कोणाची कुराड न लागो, ती जागा कोणाच्या हातात न जावो रे म्हाराजा!’’

आजोबा मोठे बिलंदर! सगळ्यांच्या तोंडून ते निघूनही गेलं. ‘‘व्हय म्हाराजा!’’ त्यात बँकवाल्या काकांचा आवाज सगळ्यात मोठा होता, मी त्यांच्या शेजारीच उभी होते. म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. ते तसेच तोंड उघडं ठेवून उभे राहिले. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, आणि तंटा पुन्हा सुरू करायला कुणीच पुढे येईना.

मी पाहुणीला शब्दन् शब्द उलगडून सांगितला. तिने विचारलं, हे बंधनकारक असतं का? मी म्हटलं, मॅडम, कोर्टाच्या वर. तिने तिथेच सांगून टाकलं की आमची अट पुरी झाली, तिसरा हप्ता मिळेल. मैत्रिणीने दाराच्या चौकटीला डोकं टेकलं आणि ती बाई, जी कधी रडत नाही, ती सरळ हुंदके द्यायला लागली. मलाही आवरेना.

काका मात्र गॅलरीत गेले होते. कठड्याला टेकून एजंटशी फोनवर बोलत होते, ‘‘नाय हो, आता जमाचा नाय. कारण काय सांगू तुमका? नाय म्हणजे नाय.’’ फोन खिशात टाकला आणि रागाने आमच्याकडे वळले. मैत्रिणीने डोळे पुसत विचारलं, ‘‘काका, मनापासून कबूल आहे ना? नातवंडांसाठी मोठं घर घ्यायचं होतं तुम्हाला.’’

‘‘तुमका नाय व्हय म्हटलंय, देवाक म्हटलंय,’’ काका खेकसले. हातातलं खोबरं तोंडात टाकलं. मग आवाज उतरला. ‘‘फणस कापो की बरको? घट्ट गऱ्याचो की लिबलिबीत?’’

‘‘बीपासून लावलेत, काका. फळ धरल्याशिवाय नाही कळत.’’

‘‘मग थांबाकच होया,’’ काका म्हणाले.