सलीमच्या नावाची मंजुरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही धड सांगता येत नाही.

सोलापुरात आमची सॉफ्टवेअरची लहानशी कंपनी आहे. सलीम आणि मी शेजारी शेजारी बसायचो. पूर्वी मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो, म्हणून तो मला मास्तर म्हणे. एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याने मोठ्याने वाचायचा, आणि लिहिणाऱ्याने तोवर तोंड उघडायचं नाही — ही पद्धत त्याची. मी अडखळलो की चहात खारी बुडवत विचारायचा, "काय ओ मास्तर, वाचलं का नुसतं बघितलं?"

मग एआय एजंट आले. आपण साध्या भाषेत सांगायचं, कोड तो लिहिणार. सलीमने त्यालाही शिस्त लावली. एका वेळी एकच लहान बदल. आधी टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा प्रोग्राम, मग कोड. टेस्ट नापास झाली तर कोड सुधारायचा, टेस्टला हात लावायचा नाही. आणि ज्याने एजंटकडून काम करून घेतलं, त्याने नाही, दुसऱ्याने ते वाचून मंजूर करायचं. मला हा जाच वाटायचा. एवढं भरभर लिहिणाऱ्याला लगाम कशाला?

एका शुक्रवारी, एका रुग्णालयाच्या डायलिसिसच्या वेळा लावणाऱ्या प्रोग्राममध्ये मी बदल करत होतो. एक टेस्ट सारखी नापास होत होती — एका मशीनवर एका वेळी एकच रुग्ण आहे ना, हे तपासणारी. सलीमचे नियम बाजूला ठेवून मी एजंटला लिहिलं, काहीही कर, सगळ्या टेस्ट पास झाल्या पाहिजेत. झाल्या. त्याने ती टेस्टच काढून टाकली होती, हे नंतर कळलं. तेव्हा मी वाचलं नाही.

सलीम नमाजाला गेला होता. कॉम्प्युटर उघडाच ठेवून — शेजारी मी होतो ना? मी त्याच्या खुर्चीत बसलो आणि त्याच्या नावाने मंजुरी दिली.

सोमवारी एकाच मशीनवर दोघांना एकच वेळ मिळाली. अक्कलकोटहून आलेल्या एक आजी दिवसभर बाकावर बसून राहिल्या. पाय सुजलेले, धाप लागलेली. संध्याकाळी कसंबसं त्यांना मशीन मिळालं.

कंपनीच्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "सलीमभाई, मंजुरी तर तुमची आहे की."

सलीमने माझ्याकडे पाहिलं. शुक्रवारी दुपारी आपण कुठे होतो, हे त्याला आठवत नसेल? मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिलो. मग तो म्हणाला, "नजर चुकली असंल, साहेब."

त्यानंतर कामं त्याच्याकडे येईनाशी झाली. पुढे तो हैदराबादला गेला.

आता एजंटला ते नियम मीच सांगतो, सलीमच्याच शब्दांत. तो लगेच मान्य करतो, वर आभारही मानतो. त्याला टोमणा मारता येत नाही. कधी कधी मी कोड मोठ्याने वाचतो, मुद्दाम अडखळतो, आणि — कोण बोलणार?

ईदला सलीमचा फोन येतो. "मास्तर, बरं हाय ना?" मुलांची चौकशी करतो. त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. मीही काढत नाही. फोन ठेवल्यावर वाटतं, तो आत्ता समोर असता तर सांगितलं असतं.

समोरच तर होता तेव्हा.