माझ्या घरातलं एक मत

आमच्या आमदाराचा, ऑरेस्तेचा, दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. बर्फातून दोन तास गाडी हाकत तो अमेरिकेतल्या आमच्या व्हरमाँट राज्याच्या विधानसभेत पोहोचायचा. अधिवेशन संपलं की उन्हाळ्यात आमच्याबरोबर संगमरवराच्या खाणीत. दगड मी त्याच्याहून चांगला काढायचो. तरी रस्त्यात लोक थांबवायचे ते त्यालाच. ते मला सलायचं.

अठ्ठ्याऐंशी साली मी निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उभा राहिलो. दोन महिने कामावरून सुटल्यावर दारोदार फिरलो आणि सपशेल पडलो. घरी बायको बटाटे सोलत होती.

“वांडा, तू तरी मलाच मत दिलंस ना?”

“नाही दिलं. आईच्या दारचा रस्ता चिखलात खचला, तेव्हा तो तीनदा येऊन गेला. तू जावई ना तिचा? एकदा तरी फिरकलास?”

“मला काम होतं!”

“आणि तो काय रिकामा होता?”

पुन्हा मी उभा राहिलो नाही. तो बत्तीस वर्षं निवडून आला. आमदारकीचा तुटपुंजा पगार त्यानं साठवला, आणि तळ्याकाठचं जे लाकडी घर मी वीस वर्षं लांबून बघत होतो, तेच रोख पैसे मोजून विकत घेतलं.