कुठेच न सापडलेला फ्लॅग

मंगळवारी महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात एका ओळीने मला पार गोंधळात टाकलं. अजूनही थोडी गोंधळलेलीच आहे, म्हणून लिहितेय...

हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या उशाशी असतात त्या मॉनिटरसाठी आमची टीम ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, तयार करते. त्यात ढीगभर फ्लॅग असतात. फ्लॅग म्हणजे एक बटण समजा... अमुक भाग कर्नलमध्ये घ्यायचा की नाही, एवढंच ते सांगतं.

बसू हा माझा निपाणीचा, मराठीत कन्नड मिसळून बोलणारा सहकारी. त्याने कुठेच न वापरलेले जुने फ्लॅग काढून टाकले होते आणि ते तपासायचं काम माझ्याकडे होतं. मी एकेक नाव सगळ्या कोडमध्ये सर्च करत होते, सापडलं नाही की ओके देत होते.

शेवटचा एक राहिला. तोही कुठेच सापडेना... पण त्याच्या व्याख्येखाली तो कशासाठी ते लिहिलं होतं, लाइट गेल्यावर मॉनिटर बॅटरीवर जाण्यासाठी. माझ्याच्याने ओके दाबवेना.

"अक्का, मेलेल्या फ्लॅगची नाडी काय बघत बसलायसा?" बसू हसत म्हणाला. "संध्याकाळी रिलीज जायचंय. स्वल्प हात चालवा की!"

त्याचं बरोबरच होतं. कुणी वापरतच नाही ते काढायला मी का घाबरतेय? ही काळजी की नुसता हट्ट, मला खरंच कळेना... शेवटी मनाच्या समाधानासाठी कर्नल दोनदा बिल्ड केला, म्हणजे कोडवरून नव्याने तयार केला, एकदा फ्लॅग ठेवून, एकदा काढून. दोन्ही सारखेच निघायला हवे होते.

निघाले नाहीत.

फ्लॅग काढलेला कर्नल टेबलावरच्या मॉनिटरवर चढवला आणि प्लग उपसला. बॅटरी भरलेली असूनही स्क्रीन काळी...

बसू खुर्ची ओढून शेजारी बसला. दोघांनी एकेक फाइल उघडून वाचायला घेतली. मग त्यालाच दिसलं... ते नाव अख्खं कुठे लिहिलेलंच नव्हतं. अर्धं एका फाइलमध्ये, अर्धं दुसरीत, आणि बिल्ड होताना दोन्ही तुकडे जोडले जात होते. सर्चला ते सापडणार कुठून!

मला हायसं वाटायला हवं होतं. पण सकाळपासून ओके दिलेले बाकीचे फ्लॅगही मी याच सर्चच्या भरवशावर सोडले होते.

"बसू, सकाळचे सगळे ओके मी मागे घेतेय."

वाटलं, आता चिडणार. त्याने मॉनिटरचा प्लग परत लावला. "सरी अक्का," म्हणाला, "मॅनेजरच्या शिव्या मी खातो. तुम्ही चहा सांगा."

रिलीज पुढे ढकललं गेलं. बसूने त्या फ्लॅगच्या वर टीप लिहून ठेवलीय... शोधून सापडणार नाही, तरी काढू नका.

मी त्या एका फ्लॅगच्या ओळीपाशी का थांबले, मला अजून सांगता येत नाही. बाकीच्यांपाशी का थांबले नाही, तेही नाही... ते सगळे आता आम्ही दोघं पुन्हा तपासतोय. बसूची खुर्ची अजून माझ्याच टेबलाशी आहे, आणि त्याबद्दल मी त्याची फार आभारी आहे.