मधूने कधीच न पाठवलेला निरोप

शाळेत सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्यात मधूचा सूर सर्वांत उंच असायचा.

मित्रहो, आमचं कवितामंडळ राजापेठेत माझ्या घरी भरतं. त्याची आमंत्रणं फोनवर पाठवणारा प्रोग्राम मधूनेच हॅस्केल भाषेत लिहिला होता. मागच्या वर्षी तो गेला. आज दुपारी माझी सून तो प्रोग्राम ओकॅमल या दुसऱ्या भाषेत उतरवून चालवत होती. तिनं एकदम मला हाक मारली.

"बाबा, मधूकाकाच्या नावानं मेसेज गेला. 'सुमन, राग सोड. कवितेले ये.'"

"काहून पाठवला तू?"

"मी नाई पाठवला. काकानं ती ओळ लिहून ठेवली, पण कधी वापरलीच नाई. हॅस्केलमध्ये वापरल्याशिवाय ती नुसती पडून राहते. इकडं मी तशीच उतरवली, तर प्रोग्राम सुरू होताच चालून गेली."

सुमन ही त्याची अकोल्याची धाकटी बहीण. अबोला असा, की त्याच्या मातीलाही ती आली नाही.

गेलेल्या माणसाचं बोलावणं परत कसं घ्यायचं, हेच तुम्हाला विचारायला संध्याकाळी लिहायला बसलो, तर बेल वाजली. दारात सुमन.

"दादानं बोलावलं मले," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरून आत पाहू लागली.